शर्ली हॉर्नच्या न घेतलेल्या जागा

मंद्रसप्तक

शर्ली हॉर्नवर इथे एकही धागा नाही हे बरेच दिवस खटकत होतं, म्हणून हा प्रपंच.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. अमेरिकेची जॅझ गायिका आणि पियानोवादक. जन्म १९३४ चा, वॉशिंग्टन डी.सी.चा. निधन २००५ मध्ये. चार वर्षांची असल्यापासून पियानो. पुढे हॉवर्ड विद्यापीठात शिक्षण झालं. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संगीतविद्यालयाची शिष्यवृत्तीही मिळाली होती, पण तिथे राहण्याचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून ती वॉशिंग्टनमध्येच राहिली. गाण्याकडे ती जवळजवळ योगायोगाने वळली. सतरा वर्षांची असताना एका रेस्टॉरंटमध्ये पियानो वाजवायची. तिथे एक गिऱ्हाईक भलंमोठं फिरोजी टेडी बेअर घेऊन आलं आणि म्हणालं, अमुक गाणं म्हटलंस तर हे तुझं. तिने म्हटलं.

हा किस्सा मुद्दाम सांगितला, कारण तिच्या गायकीची किल्ली त्यात आहे. ती आधी पियानोवादक होती आणि गाणं पियानोच्या पोटातून आलं. शेवटपर्यंत ते तिथेच राहिलं.

१९६० मध्ये 'एम्बर्स अँड अ‍ॅशेस' हा पहिला अल्बम आला. फार कुणाचं लक्ष गेलं नाही, पण नामवंत जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं गेलं. त्याने तिला न्यूयॉर्कला बोलावून घेतलं आणि व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबच्या मालकाला बजावलं, की माझ्या आधी ही गाणार नसेल तर मीही वाजवणार नाही. कुणाची शिफारस करत हिंडणाऱ्यांतला तो माणूस नव्हता. त्याला तिच्यात काय दिसलं असेल ते ऐकताक्षणी कळतं. सूर थोडे, मोकळी जागा भरपूर. तो ट्रम्पेटवर जे करत होता तेच ही आवाजात करत होती.

आता मूळ मुद्द्यावर येते. तिचं हे थोडक्यात गाणं मला आवाजाच्या मर्यादेतून आलेलं कधीच वाटलं नाही. ते लयीच्या जाणिवेतून आलंय. तिचं कुठलंही संथ गाणं घ्या. ओळ सुरू होते ती ठोका पडून गेल्यावर. शब्द बोलल्यासारखे पडतात, एखादाच किंचित लांबतो. बहुतेक गायिका ओळीचा शेवटचा स्वर धरून त्यावर कंप देतात, तिथे ही तो सरळ सोडून देते. मग काहीच नाही. ड्रमवर ब्रश घासल्याचा आवाज तेवढा चालू. आपल्याला वाटतं आता पियानो ती जागा भरेल, तर तोही येत नाही. येते तेव्हा एकच कॉर्ड (एकत्र वाजवलेले काही स्वर) येते, आणि ती अशी असते की आत्ता ऐकलेल्या ओळीचा रंगच पालटतो. ओळ समजूतदार वाटली होती, कॉर्ड सांगते की बाई अजून दुखावलेली आहे.

दु:खाचं गाणं रडून म्हणणाऱ्या गायिका पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काही मलाही आवडतात. शर्ली हॉर्न रडत नाही. ती बातमी दिल्यासारखं सांगते आणि काय वाटायचं ते आपल्यावर सोपवते. ऐकणाऱ्यावर इतका विश्वास टाकणारी दुसरी गायिका मला माहीत नाही.

तुम्ही तिचं काय ऐकलंय, काय भावलं, जरूर लिहा. नाही आवडली तर तेही लिहा.

---

पेटीवाला

धाग्यासाठी धन्यवाद! नाव ऐकून होतो, ऐकलं मात्र काहीच नव्हतं. सुरुवात कुठून करावी? जॅझमधलं मला बेताचंच कळतं, त्यामुळे एक-दोनच नावं सांगा, यादी नको.

---

मंद्रसप्तक

पेटीवाला, दोनच सांगते. १९९१ चा 'यू वोन्ट फर्गेट मी' आणि १९९२ चा 'हिअर्स टू लाइफ'.

पहिल्याच्या शीर्षकगीतात खुद्द माइल्स आहे.  तो हिच्यासाठी आला, आणि अल्बम निघाला त्याच वर्षी सप्टेंबरात वारला. म्यूट (आवाज दबवणारं बूच) लावलेला ट्रम्पेट तिच्या ओळींच्या मधे मधे बोलतो. एकमेकांना पूर्ण बोलू देणारी दोन वयस्क माणसं ऐकायला मिळतात. त्याच्याही तीस वर्षं आधीचं व्हॅनगार्ड डोक्यात ठेवून ऐका.

दुसऱ्यात संगीतसंयोजक जॉनी मँडेलचा वाद्यवृंद आहे. व्हायोलिनांचा ताफा आला की संथ गाणं गोडमिट्ट व्हायची भीती असते. इथे तसं होत नाही, कारण मँडेल तिच्या रिकाम्या जागांना हात लावत नाही. ती थांबली की तोही थांबतो. शीर्षकगीताच्या संयोजनाबद्दल त्याला ग्रॅमी मिळालं आणि ते रास्तच होतं.

---

दुगुन

वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी ती ऐकली आहे. दोन गाण्यांनंतर माझं लक्ष उडतं. सगळं एकाच सुरात, एकाच चालीत, कुजबुजल्यासारखं. एला फिट्झजेराल्ड ऐकताना माणूस खुर्चीवरून उठतो, तिचं स्कॅट (शब्दांऐवजी नुसत्या अक्षरांवर गाणं) म्हणजे आवाजाचा नुसता उत्सव. सारा वॉन खर्जातून तारसप्तकात जाते तेव्हा अंगावर काटा येतो. हॉर्नबाई आवाजाचा पल्ला दाखवतच नाहीत. न दाखवणं ही कला असेलही, पण गाण्यातून मला गाणं हवं असतं.

---

काळी_पांढरी

दुगुन, तुमचं म्हणणं मला समजतं. मात्र 'एकाच चालीत' याला पियानो शिकणारी म्हणून हरकत घेते. जरा आकडे बघू.

मिनिटाला चाळीस ठोके अशी लय धरा. म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत दीड सेकंद. चार ठोक्यांचा बार सहा सेकंदांचा. बत्तीस बारचं गाणं नुसतं एकदा म्हणायचं तरी तीन मिनिटं बारा सेकंद लागतात. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) चाळीसवर लावा आणि नुसत्या टाळ्या वाजवून बघा. टाळी आधी पडते, दर वेळी. दीड सेकंद ही हाताला न पेलणारी लांबी आहे, म्हणून आपण मनातल्या मनात त्याचे तुकडे पाडतो, तिनाचे किंवा चाराचे. आता हे तुकडे मनात मोजत, डाव्या हाताने कॉर्ड देत, उजव्याने वरची एखादी सुरावट सोडत, त्यावर ठोक्याच्या जाणूनबुजून मागे राहून गायचं. आणि हे सगळं ऐकणाऱ्याला सहज वाटलं पाहिजे. मला तर एखादं वेगवान स्कॅट याच्यापुढे सोपं वाटतं (दोन्ही मला जमत नाहीत, हा भाग वेगळा).

दुसरी गोष्ट साथीची. दुसरा कुणी पियानोवर असला की गायिकेला काही ना काही ठरवून ठेवावं लागतं: इथे थांबेन, इथे ओळ लांबवेन. ती अचानक थांबली तर साथीदार दचकून जागा भरतो, चांगला साथीदारसुद्धा. हॉर्नच्या बाबतीत थांबणारी आणि साथ करणारी एकच. त्यामुळे ती दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबू शकते. तुम्ही एकाच गाण्याची तिची दोन ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐका, शांतता वेगवेगळ्या जागी सापडतील.

याचा उलटा पुरावाही आहे. १९६३ च्या सुमारास मर्क्युरी कंपनीने तिचे अल्बम काढले, त्यातल्या एकाचा निर्माता क्विन्सी जोन्स. माणसं एकाहून एक सरस, पण पियानोवर दुसरे वादक आणि ती नुसती उभी राहून गाणारी. ऐकायला छान आहेत, खरंच छान आहेत. फक्त ती त्यात कुणीही असू शकली असती. तिलाही ते मानवलं नव्हतं.

---

मंद्रसप्तक

काळी_पांढरी, फार नेमकं लिहिलंत. मर्क्युरीबद्दल अगदी सहमत.

त्यानंतरचा काळही लक्षात घ्यायला हवा. न्यूयॉर्कने दार उघडलेलं, माइल्स आणि क्विन्सी जोन्ससारखे पाठीशी, अशा वेळी ती वॉशिंग्टनला परत जाऊन मुलगी वाढवत बसली. गावातल्या क्लबांत वाजवत राहिली. डेन्मार्कच्या स्टीपलचेस कंपनीने १९७८ मध्ये तिला परत स्टुडिओत नेलं आणि व्हर्व्ह या रेकॉर्ड कंपनीमुळे जगभर नाव झालं तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. मधल्या वर्षांत तिच्या गाण्याला कुणी घाई केली नाही, आणि तिनेही केली नाही. विशीतला तिचा आवाज मी आवडीने ऐकते, पण साठीतल्या आवाजात शब्दांना जे वजन आहे ते तेव्हा नव्हतं.

दुगुन, राग कसला! पण तुम्हाला एक गृहपाठ: व्हर्व्हचा पहिला अल्बम 'आय थॉट अबाउट यू', १९८७ चा, क्लबमध्ये श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित केलेला. त्यातली जलद गाणी ऐका. बाई काय झुलवते! ते ऐकल्यावर संथ गाणी संथ का आहेत, हे वेगळ्या प्रकारे कळतं.

---

झुमरा

ख्याल शिकतो, त्यामुळे विलंबित म्हटलं की कान टवकारतात. तीन-चार गाणी ऐकली, आणि आधी जे वाटलं ते नंतर बदललं. आधी वाटलं, ही तर आपली विलंबित लय. तसं नाहीये.

आपल्या विलंबितात दोन मात्रांमध्ये अंतर खूप असतं, पण ते रिकामं नसतं. गवई आलापाने, बोलआलापाने ते भरत जातो. तबलजी ठेका भरीव ठेवतो. श्रोत्याला समेची ओढ लावायची आणि वळणावळणाने तिथे न्यायचं, हा सगळा डाव. ठुमरीत तर एकच ओळ दहा तऱ्हांनी सांगायची, दर वेळी तिच्यातून नवा भाव काढायचा. ही बाई ओळ एकदाच म्हणते. एकदाच, आणि सोडून देते. भराव नाही, पुनरुक्ती नाही, मुरकी-खटका तर नाहीच.

म्हणजे लांबी तेवढी सारखी, वापर पुरता उलटा. आपल्याकडे विस्तारासाठी वेळ लागतो. तिला वेळ लागतो तो ऐकणाऱ्याच्या मनात ओळ उतरावी म्हणून. मला वैयक्तिक हे पचायला अवघड गेलं, कारण रिकामी मात्रा दिसली की माझा गळा आपोआप काहीतरी करायला बघतो. दोन दिवस तिचं ऐकून रियाजाला बसलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं, ही जागा नाही घेतली तर काय बिघडेल?

---

पेटीवाला

झुमरा, क्या बात! हा प्रतिसाद वाचनखुणेत.

'हिअर्स टू लाइफ' ऐकला. इंग्रजी गाण्यांत माझे निम्मे शब्द निसटतात, नेहमीच. इथे एकही निसटला नाही.

---

निशिगंधा_

पेटीवाला यांनी महत्त्वाचं सांगितलं. शब्दोच्चार! तिची व्यंजनं ऐका. शब्दाच्या शेवटचा 'ट' किंवा 'क' ती गिळत नाही, आणि आपटतही नाही. आवाज खालचा, किंचित खरखरीत, तरी प्रत्येक शब्द कानाशी.

थोडं अवांतर, पण पूर्ण अवांतर नाही. असं गाता येणं ही मायक्रोफोनची देणगी आहे. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रण कर्ण्यात तोंड घालून व्हायचं, तिथे दमदार आवाजाचंच काम. विजेचा मायक्रोफोन आला आणि हळू बोलणारा माणूसही शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागला. गायक बिंग क्रॉसबीने ते आधी ओळखलं. पुढे गायिका पेगी ली. तिचा किस्सा प्रसिद्ध आहे: गोंगाट करणाऱ्या क्लबमध्ये आवाज चढवण्याऐवजी तिने तो आणखी खाली आणला, आणि लोक ऐकू यावं म्हणून गप्प झाले. शर्ली हॉर्न याच घराण्यातली म्हणावी लागेल.

त्याच घराण्यातली माझी लाडकी ब्लॉसम डिअरी. तीही पियानोवर स्वतःची साथ स्वतः करणारी, आवाज अगदी छोटा, मुलीसारखा. तिच्यावरही कुणीतरी लिहा ना.

---

मंद्रसप्तक

निशिगंधा, डिअरीवर तुम्हीच लिहा, आम्ही वाचायला बसलोच आहोत. दोघींतला फरक मला असा दिसतो: डिअरी मिश्कील आहे, शब्दांशी खेळते, गाणं बोटांवर तोलून धरते. हॉर्नच्या गाण्याचा तळ काळोखा आहे. विनोदी गाणीही ती म्हणते, पण हसू ओठांच्या कोपऱ्यातच राहतं.

जुनी जॅझ गायिका बिली हॉलिडे, तिचं नाव इथे यायला हवं. ठोक्याच्या मागे राहून बोलल्यासारखं गाणं तिच्यापासून सगळ्यांनी घेतलं, हॉर्ननेही. हॉलिडेच्या आवाजात मात्र जखम दिसते, उघडी. हॉर्न ती झाकत नाही, पण आधी भरून येऊ देते आणि मग गाते.

---

काळी_पांढरी

तिच्या पियानोबद्दल एक राहिलं. तिने स्वतःच सांगितलंय की पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोत रमलेली असताना जॅझ सापडलं, तेव्हा रॅकमॅनिनॉफ आणि देब्युसी या शास्त्रीय रचनाकारांच्या जागी जॅझ पियानोवादक आले: रॅकमॅनिनॉफच्या जागी ऑस्कर पीटरसन आणि देब्युसीच्या जागी अहमद जमाल. पीटरसन तिच्या जलद वादनात ऐकू येतो. संथ गाण्यांत सगळा जमाल. आणि गंमत अशी की माइल्सही जमालच्याच मोकळ्या जागांवर फिदा होता, १९५० च्या दशकात स्वतःच्या पियानोवादकाला तसं वाजव म्हणून सांगायचा. म्हणजे दोघं एकाच झऱ्याचं पाणी प्यायलेले. त्याला ती पहिल्याच अल्बममध्ये ओळखीची वाटली, यात नवल नाही.

---

दुगुन

गृहपाठ केला. 'आय थॉट अबाउट यू' ऐकला. जलद गाण्यांबद्दल तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं, हे मी आधी ऐकलंच नव्हतं. मग 'यू वोन्ट फर्गेट मी' परत लावला, या वेळी हेडफोनवर, दुसरं काही न करता.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. सलग तासभर संथ गाणी माझ्याच्याने अजूनही ऐकवत नाहीत. पण एक-एक गाणं सुटं ऐकलं तर पकड घेतं हे मान्य. मला सगळ्यात जास्त कुतूहल वाटलं ते ड्रमवाल्याचं. इतक्या संथ लयीत तो माणूस करतो तरी काय? मी थोडाफार तबला वाजवतो, मला हात बांधून बसल्यासारखं झालं असतं.

---

मंद्रसप्तक

दुगुन, तुमच्या प्रश्नाने आनंद झाला, कारण या त्रिकुटातल्या दोघांचं नाव कुणीच घेत नाही. ड्रमवर स्टीव्ह विल्यम्स, बासवर चार्ल्स एबल्स. दोघंही तिच्याबरोबर सुमारे पंचवीस वर्षं होते. एबल्स मुळात गिटारवाला, तो इलेक्ट्रिक बास वाजवायचा, म्हणून स्वर नुसता उमटून विझत नाही, जरा वेळ तरंगत राहतो. रिकाम्या बारमध्ये गाण्याखाली जमीन आहे असं वाटतं ते त्यामुळे.

विल्यम्सच्या हातात संथ गाण्यांत बहुतेक वेळा ब्रश असतात. काठीने वाजवलं तर ठोक्यांच्या मधे खड्डे पडतात. ब्रश स्नेअर ड्रमच्या कातड्यावर गोल फिरत राहतो, सलग सरसर आवाज येतो, आणि ठोका म्हणजे त्या फिरण्यातला किंचित दाब. लय थांबत नाही, फक्त ठोकून सांगितली जात नाही. हेडफोनवर त्याच्या एका फेरीकडे लक्ष द्या: हात जवळजवळ थांबल्यासारखा होतो आणि पुढच्या ठोक्याला बरोबर पोचतो. ती कितीही मागे रेंगाळली तरी तो तिच्या मागे रेंगाळत नाही. तो ढळला असता तर तिचं मागे राहणं ऐकूच आलं नसतं.

---

झुमरा

म्हणजे लयदार ठेका धरणारा तबलजी मिळाल्याशिवाय गवयाला लयीशी खेळता येत नाही, तसंच. हे मात्र दोन्हीकडे सारखं.

शेवटच्या काळात तिचं काय झालं? कुठेतरी पायाबद्दल वाचलं होतं.

---

काळी_पांढरी

मधुमेह. २००२ च्या सुमारास पाऊल कापावं लागलं. पियानोवादकाच्या दृष्टीने विचार करा: पेडल गेलं. कॉर्ड वाजवून बोटं उचलल्यावर स्वर हवेत रेंगाळतो तो पेडलमुळे, आणि तिच्या संथ वादनाचं अर्धं काम त्या रेंगाळण्यावर चालतं. २००३ च्या 'मे द म्युझिक नेव्हर एंड'मध्ये पियानोवर जॉर्ज मेस्टरहेझी आहे, दोन गाण्यांत खुद्द अहमद जमाल. मेस्टरहेझीने तिच्या ढंगाला फार जपलंय. तरी लक्ष देऊन ऐकलं तर कळतं, ओळ संपल्यावर कॉर्ड जराशी लवकर येते.

---

मंद्रसप्तक

आणि तरीही त्या अल्बममध्ये तिचा आवाज अधिक उघडा पडल्यासारखा झालाय, म्हणून मला तो प्रिय आहे. मागे सरकून बसायला पियानो नाही. १९६३ मध्ये ती अशीच पियानोविना गायली होती आणि कुणीही असू शकली असती, असं काळी_पांढरी वर म्हणाल्या. २००३ मध्ये पियानोविनाही ती दुसरी कुणीच वाटत नाही. मधल्या चाळीस वर्षांत स्वतःच्या साथीने गाऊन गाऊन तिने ती शांतता गळ्यात भिनवून घेतली असणार.

झुमरा, २००४ च्या अखेरीस ती पुन्हा पियानोवर बसली. न्यूयॉर्कच्या 'ओ बार'मध्ये व्हर्व्हसाठी प्रत्यक्ष मैफलीचं ध्वनिमुद्रणही केलं. ते तिला पसंत पडलं नाही, म्हणून अल्बम काही निघाला नाही. त्यातली काही गाणी 'बट ब्युटिफुल' या निवडक गाण्यांच्या संग्रहात आहेत. २००५ चा संग्रह, शोधलात तर सापडेल. आधी 'आय थॉट अबाउट यू' आणि मग ही गाणी, अशा क्रमाने ऐका. काय वाटलं ते इथेच लिहा, विशेषतः तुम्ही आणि दुगुन.